चौघांत एक थाळ

आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो की कोण काय खात नाही ते आधी सांगावं लागतं. आमचे हे पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा चालत नाही, केकही विचारून खातात. आपांना मांस हलालच लागतं, आणि ज्यात दारूचा थेंब पडलाय असं काही त्या तोंडाला लावत नाहीत. आपांचे यजमान, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, त्यांना मधुमेह. माझं माहेर वसईचं, मी मासळीवर वाढले. लग्नानंतर घरात कधी मासे शिजवले नाहीत, पण आपांच्या घरी जाऊन पोटभर खाल्ले.

आपा आणि मी भिवंडीत एकाच शाळेत शिकवत होतो, त्या विज्ञान आणि मी मराठी. त्या कोकणी मुसलमान. घरात कोकणी, शाळेत मराठी. मुलंही त्यांना आपाच म्हणायची. इतक्या वर्षांत एकमेकींच्या घरचं लग्न आम्ही चुकवलं नाही, पण जेवण मात्र वेगवेगळं झालं. त्यांच्याकडे दावतीला थाळ मांडतात. सतरंजीवर दस्तरखान, मध्ये मोठा थाळ, भोवती चार-पाच जण; भात, मटणाचा दालचा, शेवटी जर्दा म्हणजे गोड भात. आमच्यासाठी पलीकडे निराळा मांडव, आणि तिथे महाराज बोलावून केलेली पुरी, भाजी, श्रीखंड. आपांचे भाऊ स्वतः येऊन आग्रह करायचे. त्यात माया होती आणि आमचा नेम मोडू नये ही काळजीही होती. आमच्याकडच्या कार्यात आपा आणि शेठ पंगतीला बसायचे, पण आमच्या पंगतीत ज्याचं पान त्याचं. एका ताटात जेवण्याचा प्रसंग आला नाही, आणि तो यावा असं कुणाला वाटल्याचंही मला आठवत नाही.

तो आला परळला, आमच्या एका विद्यार्थिनीमुळे.

ही मुलगी पद्मानगरची. तिचे वडील पद्मशाली विणकर, तेलंगणातून भिवंडीत आलेले. मुलगी आमच्या शाळेत मराठीतून शिकली, पुढे हॉटेल मॅनेजमेंट केलं, आणि आता मुंबईतल्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिथे पदार्थ आशियाई आणि रीत फ्रेंच असं जेवण मिळतं. रेस्टॉरंटचं नाव मी सांगत नाही, कारण त्या संध्याकाळचं बरंचसं जेवण त्यांच्या नेहमीच्या यादीतलं नव्हतं, आमच्यासाठी बेतलेलं होतं. आपा निवृत्त झाल्या तेव्हापासून तिचं मागं लागणं होतं, “बाई, आपांना घेऊन या.” शेवटी आपांनीच दिवस ठरवला.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय ते तिने आधी फोनवर समजावलं. आपण पदार्थ निवडायचे नाहीत. शेफ ठरवेल त्या क्रमाने थोडंथोडं येत राहतं, आणि त्या क्रमालाच अर्थ असतो. त्यांच्याकडे आणखी एक नियम होता: ताट टेबलाच्या मध्ये येणार आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. मग ती थांबली आणि म्हणाली, “तुम्हाला चौघांना चार वेगळी ताटं करून देता येतील. तसं करू, की एकच करू?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. “एकच कर,” आपा पलीकडून म्हणाल्या, कारण फोन स्पीकरवर होता आणि त्या आमच्याच घरी बसल्या होत्या. हे काही बोलले नाहीत.

त्यानंतर काही दिवस त्या मुलीचे फोन येत राहिले, आणि मला त्या फोनांची फार मजा वाटली. फ्रेंच स्वयंपाकाचा पाया हाडांच्या रश्शावर आणि वाइनवर, तर जपानी स्वयंपाकात सुक्या मासळीचा रस्सा आणि मिरीन नावाची गोड तांदळाची दारू. व्हिएतनाम, थायलंडकडे जावं तर फिश सॉस. गोडाकडे वळावं तर अंड्याचा बलक, आणि जे काही थरथरतं घट्ट बसवायचं त्यात जिलेटिन, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. ह्यांचं आणि आपांचं दोघांचंही त्याला नाही, कारणं वेगवेगळी. व्हिनेगर चालेल का, हा प्रश्न आला तेव्हा आपांनी तिला जुन्या वर्गातल्यासारखं समजावलं: मद्यार्काचं जिवाणूंमुळे ॲसेटिक आम्ल झालं की तो पदार्थच बदलला, म्हणून व्हिनेगर चालतं. सोया सॉसमध्ये आंबवताना आपोआप जे थोडंफार तयार होतं त्याला आपांची हरकत नव्हती. बाटलीतून ओतलेलं मात्र काही नको. शेठनी एवढंच सांगितलं की साखर कमी.

मगरीब झाल्यावर निघालो असतो तर कशेळीला आणि माजिवड्याला अडकून रात्र झाली असती, म्हणून दुपारीच निघालो. रेस्टॉरंट एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. पत्र्याचं दातेरी छप्पर, उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या काचा, जाड लोखंडी खांब. शेठ आत शिरल्यावर बराच वेळ वरच पाहत राहिले. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी मिळून माग चालवले, त्यातले काही मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले विकत घेतले होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्या काळात मुंबईत विणायचं कितीतरी कापड भिवंडीच्या मागांवर विणलं गेलं. एका गावाचं काम गेलं आणि दुसऱ्याचं वाढलं. शेठ हे कधी मिरवून सांगत नाहीत. गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतःचे बरेच माग वजनावर विकले आहेत. “इथे बीम उभे असतील,” खांबांमधली जागा दाखवत ते ह्यांना म्हणाले, आणि मग दोघं बँकेच्या जुन्या कर्जाच्या गोष्टी बोलत बसले. हे बँकेत होते. माग घ्यायला दिलेली कर्जं त्यांनी पाहिलेली आहेत.

आपांना नमाजासाठी मालकांनी आतली एक लहान खोली उघडून दिली. त्या येऊन बसल्या आणि जेवण सुरू झालं.

पहिलं आलं ते घावन. मुलीने त्याचं नाव बान्ह सेओ सांगितलं: व्हिएतनामचं, तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध घालून केलेलं, कडा कुरकुरीत. आपांनी तुकडा मोडला आणि म्हणाल्या, “घावनच हाय ह्यां.” वर पालेभाज्या, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं आणि शेंगदाणे. व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य 1954 पर्यंत होतं. तिथला लांबट पाव त्यांच्याकडून आला आणि राहिला, आपल्याकडे पोर्तुगिजांकडून पाव आला आणि राहिला तसाच. हे घावन मात्र तिथलंच, तांदूळ पिकवणाऱ्या किनाऱ्याचं. मोठं एकच होतं, चौघांनी हाताने मोडून खायचं. ते कोरडं असल्यामुळे ह्यांना काही अडचण वाटली नाही.

मग कॉन्सोमे, म्हणजे तळ दिसेल इतकं नितळ पाणी. फ्रेंच रीतीत मांसाच्या रश्शात अंड्याचा पांढरा भाग घालून गाळ वर आणतात आणि रस्सा नितळ करतात. हिने वाळवलेले मशरूम आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ यांचा रस्सा केला आणि तो नितळ करायला चायना ग्रास वापरला. चायना ग्रास विरघळवून रस्सा घट्ट बसवायचा, मग सुरीने मोडून कापडावर ठेवायचा. गाळ त्या जाळ्यात अडकतो आणि स्वच्छ पाणी खाली थेंब थेंब पडतं. आपा ते ऐकून इतक्या खूष झाल्या की त्यांनी तिला दोनदा सांगायला लावलं. चव खोल होती, खारी आणि गोडसर, आणि जिभेवर टिकून राहिली. मांस न घालता इतकी भारदस्त चव मी त्याआधी घेतली नव्हती.

पुढचे दोन पदार्थ मला भावले नाहीत. एकावर ट्रफलचा वास इतका होता की खालच्या टोफूला काही सांगायला जागाच राहिली नाही. दुसरा तीन रंगांचा होता आणि दिसण्यापुरताच होता.

मासे आले तेव्हा चित्र बदललं. मासा मध्ये ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून रावसाचे तीन तुकडे आम्हा तिघांना वेगळ्या ताटल्यांत दिले आणि ह्यांना तसाच भाजलेला सुरणाचा तुकडा. मध्ये ठेवली ती फक्त सॉसची वाटी. त्यात मासळीचा अंश नव्हता, म्हणून ती चौघांची.

हा सॉस बूर ब्लां. लुआर नदीच्या खोऱ्यातला, नांतच्या बाजूचा. लहान कांदा बारीक चिरून पांढऱ्या वाइनमध्ये आणि व्हिनेगरमध्ये आटवायचा आणि त्यात गार लोणी तुकड्या-तुकड्याने घोटत जायचं. आच जरा जास्त झाली की लोणी फुटतं आणि तूप वेगळं होतं. वाइन काढली तर त्याचा कणाच गेला, असं तिला आधी वाटलं होतं. मग तिने आमसुलं भिजवली. वाइनच्या जागी आमसुलांचं पाणी आटवलं, त्यात लोणी घोटलं आणि शेवटी नारळाचं दूध घातलं. रंग फिकट गुलाबी आला. मी तो रावसावर घालून घास खाल्ला आणि मला लहानपणचं जेवण आठवलं, पण हे त्याहून वेगळं होतं: आंबटपणा तोच, फक्त तो आधी न येता लोण्याच्या मागून येत होता. त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला पदार्थ हाच, असं माझं मत आहे.

आमसूल कुठून सुचलं, असं मी विचारलं. तिने फ्लॉइड कार्डोझ यांचं नाव घेतलं. कार्डोझ मुंबईचे, घराणं गोव्याचं. मुंबईत आणि मग स्वित्झर्लंडमध्ये शिकून ते न्यूयॉर्कला ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली गेले. कुन्झ सिंगापूरला जन्मलेले. लेस्पिनास या त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये फ्रेंच रीतीच्या स्वयंपाकात आशियाचे मसाले आणि आंबटपणा यायचा. तिथे शिकून कार्डोझनी 1998 मध्ये ‘टॅब्ला’ सुरू केलं. 2011 मध्ये टॉप शेफ मास्टर्स ही अमेरिकेतली स्पर्धा त्यांनी जिंकली ती उपम्यावर. रव्याचा उपमा, रानमशरूम, आमसूल आणि नारळाचं दूध. पुढे मुंबईत बॉम्बे कँटीन आणि ओ पेद्रो उभं करण्यात ते होते. मार्च 2020 मध्ये करोनाने गेले, आणि त्याच महिन्यात ग्रे कुन्झही गेले. “मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते,” ती म्हणाली. “उपम्याने जिंकता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्या घरी रोज सकाळी उपमा असायचा.”

असं थोडंथोडं, एकामागून एक खाण्याची रीतच फ्रान्सने एकट्याने काढलेली नाही. पूर्वी तिथल्या मेजवानीत बरंच काही एकदम मांडायचे आणि लोक हाताशी असेल ते घ्यायचे. एकेक पदार्थ क्रमाने वाढण्याची रशियन पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. पुढे 1973 मध्ये गो आणि मियो या दोन समीक्षकांनी नव्या फ्रेंच स्वयंपाकाचे नियम छापले, आणि त्याच दशकात पॉल बोक्यूज यांच्यासारखे शेफ ओसाकाच्या त्सुजी पाकशाळेत जाऊन आले. तिथे त्यांनी काइसेकी पाहिलं: लहान ताटल्या, ऋतूप्रमाणे पदार्थ, मोकळी जागा. आज फ्रेंच म्हणून जगभर जे लहान घासांचं जेवण मिळतं त्यात जपानचा हात आहे. म्हणून या मुलीने कोंबू आणि लोणी एका जेवणात आणलं तेव्हा तिने दोन परक्यांना जबरदस्तीने एकत्र बसवलं असं मला वाटत नाही. त्यांची ओळख जुनी आहे.

रावसाच्या वेळी एक मात्र झालं. सगळ्यांत चांगला पदार्थ होता आणि टेबल गप्प होतं. प्रत्येक जण आपापल्या ताटलीत. हात एकत्र येत होते ते फक्त सॉसच्या वाटीशी.

मग भात आला. बिडाच्या जड भांड्यातून तो एका मोठ्या रुंद थाळ्यात काढला आणि थाळा मध्ये ठेवला. वाडा कोलम होता, आमच्या शेजारच्या तालुक्यातला. 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लोण्यावर परतून रश्शात शिजवलेला, म्हणजे फ्रेंच पिलाफ. वर तिळाच्या तेलातले मशरूम आणि कडेने अंबाडीची परतलेली भाजी, तिच्या घरची. वेटर चार ताटल्या आणि वाढायचे चमचे घेऊन आला. आपांनी ताटल्या परत पाठवल्या. “थाळ आहे हा,” त्या म्हणाल्या, “यात वाढून घ्यायचं नसतं.” त्या उठून हात धुऊन आल्या, शेठही.

माझं लक्ष ह्यांच्याकडे. आमच्या सासूबाईंच्या घरात वाढताना डाव ताटाला टेकला तर तो पुन्हा भांड्यात जात नसे. कुणाच्या उष्ट्या हाताने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं तरी त्या हाक मारत. ह्यांनी नोकरीत असताना कुणाच्या डब्यात हात घातलेला मला माहीत नाही, आणि त्यात जातीचा-धर्माचा प्रश्न नव्हता. सख्ख्या भावाच्या ताटातही ते जेवलेले नाहीत. मी त्यांना काही सांगितलं नाही. आपांनीही आग्रह केला नाही. त्यांनी फक्त थाळाची रीत सांगितली, वर्गात सांगाव्या तशा सुरात: सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. कुणाचं आधी संपलं तर थांबायचं. चांगला तुकडा आपल्याकडे आला तर तो शेजाऱ्याकडे सरकवायचा. बोहरी लोक थाळाला बसताना आधी चिमूटभर मीठ जिभेला लावतात, मग गोड, मग तिखट, असंही त्या म्हणाल्या.

“म्हणजे मध्ये भिंत नाही, पण हद्द आहे,” हे म्हणाले.

“हद्द आहे ना,” शेठ म्हणाले. “तुमची ही बाजू.”

हे उठले, हात धुऊन आले, आणि जेवले. आधी अगदी कडेचा भात, मग मधल्या बाजूचा. शेठनी मशरूम त्यांच्या बाजूला सरकवले, ह्यांनी अंबाडी शेठच्या बाजूला सरकवली, कारण मधुमेहाला ती बरी असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग बोलणं सुरू झालं ते थांबेना: सूत, सायझिंगवाल्यांची उधारी, वऱ्हाळा तलावावरच्या सकाळी, कुणाचा मुलगा कुठे. भात चांगला होता, अंबाडीमुळे जड झाला नाही. पण रावसाच्या मानाने साधाच होता, आणि तरी सगळ्यांत जास्त वेळ आम्ही त्याच्याशीच बसलो.

मी त्यावर नंतर विचार केला. आमच्या अटी चार माणसांच्या चार होत्या, आणि आम्ही नेहमी त्याची चार ताटं करत आलो. त्या मुलीने उलट केलं. चौघांनाही चालेल एवढंच उरवलं आणि त्या उरलेल्यात काय चांगलं होईल ते शोधत बसली. वाइन गेली म्हणून आमसूल आलं, जिलेटिन आणि अंडं गेलं म्हणून चायना ग्रास. तिच्या स्वयंपाकातल्या सगळ्यांत नव्या गोष्टी आमच्या नकारांतून निघाल्या होत्या. शाळेत ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रश्नाचं उत्तर उशिरा, पण पूर्ण द्यायची.

गोडाला क्रेम ब्रूले. त्यात अंड्याचा बलक आणि साय असते, वर साखर जाळून काचेसारखा पापुद्रा करतात. इथे नारळाच्या दुधात गवती चहा उकळून ते चायना ग्रासवर बसवलं होतं. जिलेटिन तोंडाच्या उबेने वितळतं. चायना ग्रास वितळायला ऐंशीच्या वर अंश लागतात, म्हणून तो जास्त झाला तर घास रबरी होतो. तिने तो इतका कमी घातला होता की चमच्याने उचलेपर्यंतच ते उभं राहत होतं. आणि वर ज्योत फिरवली तरी खालचं वितळलं नाही, हा फायदाच. आपा म्हणाल्या, “रमजानात आम्ही दुधात करतो तो हाच,” आणि मग दोघी चुलीशी बसल्यासारख्या प्रमाणांवर बोलू लागल्या. शेठनी साखरेचा पापुद्रा बाजूला काढून खाल्लं.

बिल आम्ही अर्धं-अर्धं भरलं. महाग होतं, आमच्या घरचा महिन्याचा किराणा त्यात आला असता. मला ते जास्त वाटलं नाही, कारण त्या फोनांपासून त्या थाळ्यापर्यंतचं काम मी पाहिलं होतं. मुलगी पाया पडायला वाकली तर आपांनी तिला वरच्यावर धरलं आणि तिच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग पाहून बर्नॉलच्या जागी काय लावायचं ते सांगत बसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आपांच्या भाचीचं लग्न झालं, भिवंडीतच. आपांनी भटाऱ्याला आधीच बोलावून सांगितलं की एका थाळाचा दालचा मटणाशिवाय करायचा, नव्या भांड्यात, वेगळ्या डावाने. तो नाराज झाला. बिनगोश्तचा दालचा म्हणजे डाळच, असं त्याचं म्हणणं, आणि हाडांचा रस नसेल तर आपलं नाव खराब होईल ही त्याची भीती. आपांनी त्याला वाळवलेल्या मशरूमच्या रश्शाची कृती लिहून दिली. ती त्याने बाजूला ठेवली आणि स्वतःच्या मनाने चिंच वाढवली, दुधी आणि सुरण तळून शेवटी घातलं, कांदा काळपट होईपर्यंत परतला. वेगळा मांडव या वेळीही होता, ज्यांना हवा त्यांच्यासाठी. आम्ही चौघं दस्तरखानावर बसलो. आमच्या शेजारच्या थाळावरून दोघा-तिघांनी आमचा दालचा मागून घेतला. जेवण झाल्यावर हे भटाऱ्याकडे गेले आणि त्याच्याकडून प्रमाण घेऊन पत्रिकेच्या पाठीमागे लिहून आणलं: एक किलो चणाडाळ, एक किलो दुधी, अर्धा किलो सुरण, पाव किलो चिंच, आणि तेलात हात आखडायचा नाही.